चाळिशीनंतर ‘आता पुढे काय?’ : शोधायची काही पद्धत आहे का?

अर्धविराम
चाळिशी-पंचेचाळिशीत बऱ्याच जणांचं बरंचसं मार्गी लागलेलं असतं, तरी ‘हे सगळं कशासाठी?’ हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. ‘आवड जोपासा’, ‘मनावर ताबा ठेवा’ हे सल्ले पैशाला पासरी मिळतात. विचारायचंय ते एवढंच: सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, किती वेळ द्यायचा, आणि उत्साहाने सुरू केलेलं तिसऱ्या आठवड्यात का बारगळतं? प्रवचन नको, पद्धत सांगा.

मोजपट्टी
ध्येय इतक्यात ठरवू नका. दमलेल्या डोक्याने ठरवलेलं ध्येय बहुधा दुसऱ्याचं पाहून उचललेलं असतं. दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. साधी वही, रोज रात्री पाच-सात मिनिटं. रकाने चार: काय केलं, किती वेळ, नंतर कसं वाटलं (−२ ते +२), आणि आपणहून केलं की गळ्यात पडलं म्हणून.

खरी मेख पहिल्या रकान्यात आहे. ‘ऑफिस, ९ तास, −१’ असं लिहिलंत तर वही फुकट. ‘नव्या सहकाऱ्याला जुन्या फाइली कशा लावल्यात ते समजावलं, ४० मिनिटं, +२, आपणहून’ आणि त्याखाली ‘आढावा बैठक, दीड तास, −२, गळ्यात’ असं सुटं सुटं लिहा. ज्या नोकरीला कंटाळलोय असं वाटतं, तिच्याच पोटात अनेकदा दोन-तीन +२ दडलेले असतात. गुण रात्रीच द्या, त्या क्षणी नको. रील्स बघतानाचा अर्धा तासही त्या क्षणी +२ च वाटतो.

दोन आठवड्यांनी +२ च्या ओळींखाली रेघ मारा आणि त्यांतली फक्त क्रियापदं वेगळी काढा: समजावणं, जुळवणं, दुरुस्त करणं, वाढवणं, शोधून काढणं. विषय बदलत राहतात, क्रियापदं दोन-तीनच निघतात. त्यातलं एक घ्या आणि सहा आठवड्यांचा प्रयोग करा. आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं. अट एक: शेवटी जे तयार होईल ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मध्यमवयाचा पेच पुढच्या पिढीसाठी काही घडवणं विरुद्ध साचून राहणं असाच मांडला होता. नुसत्या स्वतःपुरत्या छंदाने हा प्रश्न फारसा हलत नाही, असं माझं मत.

काय झालं तर पुढे चालू ठेवायचं आणि काय झालं तर सोडायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नाहीतर सहाव्या आठवड्यात मन सोयीचा निकाल देतं. आणि हो, प्रयोग संपेपर्यंत नोकरी सोडण्याचा विषय काढू नका.

खटपट्या
मोजपट्टी यांच्याशी सहमत. तिसऱ्या आठवड्याबद्दल लिहितो.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे डोक्यातून काढा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन १२ आठवडे सवयींचा अभ्यास केला होता. कृती आपसूक व्हायला लागण्याचा मध्यक निघाला ६६ दिवस, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात नवलाई संपलेली असते आणि सवय अजून लागलेली नसते. नेमकं तिथंच लोक ‘आपल्यात जिद्दच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. माझ्या मते बिघडतं ते चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला गेल्याने.

ताबा म्हणजे दात-ओठ खाणं नव्हे, बरीचशी मांडामांड असते:

– वेळ घड्याळाला बांधू नका, आधीच्या कामाला बांधा. ‘रोज लिहीन’ हा नुसता संकल्प झाला. ‘रात्रीची भांडी आवरली की टेबलाशी बसून वही उघडेन’ ही योजना. ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं आधी ठरवलं की कृती होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं.
– वाईट दिवसाचं माप आधीच ठरवा. ४५ मिनिटं जमली नाहीत तर ५. शून्य मात्र सलग दोनदा नको.
– फोन दुसऱ्या खोलीत. पालथा घालून शेजारी ठेवलेला चालत नाही.
– एका वेळी एकच बदल. व्यायाम, आहार, पहाटे पाचला उठणं आणि नवी भाषा एकदम सुरू केलं की चारही बुडतात. पहिला बळी झोपेचा जातो, कारण उठायची वेळ अलीकडे येते, झोपायची येत नाही.

मधली फळी
वरचं सगळं ठीक, पण त्याआधी शरीर तपासा. दोन आठवड्यांच्या वहीत एकही + नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, झोप किंवा भूक बदलली असेल, तर हा ‘उद्देशा’चा प्रश्न नसून नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना गाठा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघून घ्या. जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर झोपेत श्वास अडकतोय का, तेही. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत झोप आणि मूड दोन्ही बिघडू शकतात. त्यावर उपचार आहेत, ‘वयच तसं’ म्हणून सोसत बसू नये.

झोप किमान सात तास. संध्याकाळनंतर कॉफी नको, कारण घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच तासांनीही अंगात असतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

अर्धविराम
धन्यवाद, हेच हवं होतं. एक शंका: आजारी आई-वडिलांची सेवा, मुलांचा अभ्यास या ओळी −२ आल्या तर? त्या काही सोडता येत नाहीत.

मोजपट्टी
सोडायच्या नाहीत, फोडायच्या. ‘आईचं आजारपण −२’ हे चार कामांचं गाठोडं आहे: औषधं आणणं, दवाखान्यात रांग लावणं, भावंडांना फोनवरून कळवणं, तिच्याजवळ बसणं. चारही कामांना वेगवेगळे गुण द्या. पुष्कळदा तिच्याजवळ बसणं + निघतं आणि भावंडांचे फोन −२. मग फोनचं काम एका भावंडाकडे सोपवायचं. ‘जमेल तसं बघ’ असं मोघम सांगून होत नाही. ‘दर रविवारी डॉक्टरांच्या सूचना तू सगळ्यांना कळवायच्या’ असं नेमकं सांगावं लागतं. नवा प्रयोग त्या सुटलेल्या वेळात बसवा, झोपेतून कापून नको. वेळ सुटलाच नाही, तर प्रयोग महिनाभर पुढे ढकला आणि वही तेवढी चालू ठेवा.