पांढऱ्या रणात काय पाहिलंत, काय केलंत? (अनुभव धागा)

दिवाळी सरली की ओळखीत कुणी ना कुणी कच्छची तिकिटं काढतं, आणि परत आल्यावर सगळ्यांकडे फोटो तोच: पांढरी जमीन, हवेत उडी मारलेला माणूस, मागे मावळता सूर्य. रण याहून खूप मोठं आहे. मोठं रण, छोटं रण, मधली बेटं, काठावरचं बन्नीचं गवत आणि तिथली माणसं. ज्यांनी जरा थांबून पाहिलंय त्यांनी इथे लिहा. हॉटेलांची यादी नको. काय पाहिलं, कुठून पाहिलं, पुन्हा गेलात तर काय कराल, एवढं सांगा.

निवडुंग

सुरुवात मीच करते. भुजहून पांढऱ्या रणाच्या काठचं धोरडो गाव ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. वाटेत भिरंडियाऱ्याला परवाना मिळतो, ऑनलाइनही काढता येतो. सरहद्दीचा भाग असल्यामुळे प्रत्येकाचं ओळखपत्र हवंच. बहुतेक जण सूर्यास्ताला पोचतात आणि अंधार पडला की फिरतात. माझं सांगणं, दुपारी चारच्या सुमाराला पोचा आणि उंटगाडीत न बसता चालत सुटा. मनोऱ्याजवळची गर्दी बघता बघता मागे पडते.

मग उकिडवं बसून जमीन बघा. लांबून एकसंध दिसणारं मीठ जवळून चौकोनी खड्यांचं असतं, आणि काही खड्यांच्या पोटात पायऱ्यापायऱ्यांची खळी असते. टाच दाबली की खळगा पडतो, त्यात सावकाश पाणी भरत जातं. वरचा थर साईसारखा, खाली अजून ओला चिखल. पावसाळ्यात हे सगळं उथळ सरोवर असतं: पावसाचं आणि नद्यांचं पाणी, शिवाय कोरी खाडीच्या बाजूने आत शिरलेलं समुद्राचं. ऑक्टोबरपासून ते आटू लागतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्यांना पुष्कळदा पाणी आणि चिखलच भेटतो. पांढरं रण पाहायचं तर डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी.

सांजवारा

निवडुंग, छान सुरुवात केलीत. एक भर घालतो. काही पट्ट्यांत जमिनीवर पंचकोनी-षट्कोनी चौकटी दिसतात, कडांना मिठाचे बारीक वरंबे. नुसतं वाळून तडे गेलेत असं वाटतं, पण अलीकडच्या संशोधनानुसार कारण जमिनीखाली आहे. पृष्ठभागाजवळचं पाणी उडून गेलं की उरलेलं जास्त खारं, म्हणून जड होतं आणि ठरावीक रेषांवर खाली उतरतं. मधल्या भागात कमी खारं पाणी वर येतं. जिथे खारेपण जास्त, तिथे मीठ जास्त साचतं आणि कडा उठतात. हे कळल्यावर मी त्या चौकटी किती वेळ नुसत्या बघत बसलो होतो! सूर्य कलला की वरंब्यांच्या सावल्या पडतात, तेव्हा त्या सर्वांत स्पष्ट दिसतात.

औदुंबर

काळो डुंगर अजिबात चुकवू नका. कच्छमधली सर्वांत उंच जागा, साडेचारशे मीटरच्या थोडी पुढे. वरून उत्तरेला रण क्षितिजापर्यंत पसरलेलं दिसतं. आणि वर देऊळ आहे आपल्या दत्तगुरूंचं! आरतीनंतर पुजारी भाताचा प्रसाद घेऊन ओट्यावर जातात, कोल्ह्यांना हाका मारतात, आणि कोल्हे रानातून येऊन तो खातात. भुकेल्या कोल्ह्यांपुढे दत्तात्रेयांनी आपलं अंग धरलं, अशी तिथली कथा. रोज येतीलच असं नाही. गोंगाट असेल तर मुळीच नाहीत, तेव्हा मुलांना आधीच समजावून न्या.

आम्ही मुद्दाम दत्तजयंती धरून गेलो होतो. मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे रणातलीही पौर्णिमा! दुपारचा प्रसाद पाहून धोरडोला उतरलो. तिथे आडवं येणारं काहीच नसल्यामुळे पश्चिमेला सूर्य टेकत असताना पूर्वेला चंद्र वर येताना दिसतो, नुसती मान वळवायची खोटी. आईने तिथेच हात जोडले. फाटक किती वाजेपर्यंत उघडं असतं ते मात्र त्याच दिवशी विचारून घ्या, आणि पौर्णिमेच्या राहण्याची सोय फार आधी करा.

टिटवी

माझं मन छोट्या रणात आहे. अहमदाबादहून बजाणा, झैनाबाद, दसाडा या बाजूंनी जीपने आत जाता येतं. इथे घुडखर म्हणजे रानगाढवं. 1960च्या दशकात ती काही शेकड्यांवर आली होती. पुढे अभयारण्य झालं, आणि 2020च्या गणनेत त्यांची संख्या सहा हजारांवर गेली. पहिल्यांदा दिसतात तेव्हा उन्हाच्या लाटांत पाय गायब असतात, नुसती धडं तरंगत चाललेली वाटतात. जवळ आल्यावर पाठीवरचा गडद पट्टा आणि उभी, आखूड आयाळ दिसते. चालकाला पाठलाग करू देऊ नका. गाडी बंद करून थांबलं की ती आपणहून चरत जवळ येतात. थंडीत क्रौंचांचे थवे, पाणथळीत रोहित पक्षी, आणि नशीब असेल तर घुबडं आणि माळढोकाच्या कुळातला होबारा.

पण पक्ष्यांइतकाच वेळ अगरियांना, म्हणजे इथे मीठ पिकवणाऱ्या लोकांना द्या, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडच्या मिठागरांत समुद्राचं पाणी घेतात, इथे जमिनीखालचं खारं पाणी उपसून पाट्यांत, म्हणजे उथळ वाफ्यांत सोडतात. पावसाळा संपला की कुटुंबं रणात मुक्कामाला येतात ती पुढच्या पावसापर्यंत. पूर्वी सगळा उपसा डिझेलच्या इंजिनांवर होता, कमाईचा मोठा वाटा त्यातच जायचा. आता पुष्कळ ठिकाणी सौर पंप आहेत. एका काकींनी मला लाकडी दंताळं हातात दिलं. गुडघ्याखालपर्यंतच्या खाऱ्या पाण्यात ते ओढताना थोड्या वेळात दंड भरून आले, आणि त्या रोज पहाटे खडे मोकळे करण्यासाठी पाट्याचा कोपरा न् कोपरा फिरतात. त्यांच्या पायांची कातडी मिठाने पार राठ झालेली. त्यांनी चहा दिला, तो प्यायचा आणि बसून बोलायचं. पाण्याचे दोन मोठे कॅन गाडीत न्या, गोडं पाणी तिथे टँकरने येतं.

कोरा कागद

खावड्याहून धोलावीरेला जाणारा रस्ता रणातून सरळ जातो, दोन्ही बाजूंना हंगामाप्रमाणे पाणी किंवा मीठ. आधी भचाऊ-रापरवरून मोठा वळसा पडायचा. रस्त्यात थांबून लोळत फोटो काढणारे पाहिले, ते कृपा करून टाळा. ट्रक भरधाव असतात.

धोलावीरा हे हडप्पा संस्कृतीचं प्राचीन शहर, 2021 साली जागतिक वारसा यादीत आलं. रण बघून मगच तिथे जा, म्हणजे त्या लोकांची करामत उमगते. मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे अडवून त्यांनी शहराभोवती हौद खोदले, काही तर अख्ख्या खडकात. पायऱ्या उतरून तळाशी उभं राहिलं की भिंतीची उंची अंगावर येते. उत्तर दरवाजाजवळ दहा चिन्हांचा फलक सापडला, जो आजही कुणाला वाचता आलेला नाही. जवळच लाकडाचे जीवाश्म आहेत, तिथून पहाटे रण बघा.

भुईकमळ

निरोण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एरंडेल तेल दीर्घ काळ उकळून केलेला चिकट रंग तळहातावर घेऊन, काडीने धागा ओढत कापडावर नक्षी काढतात, ती रोगन कला इथली. काडी कापडाला जवळजवळ टेकतच नाही. अर्धीच नक्षी काढून कापड दुमडतात, दुसरी बाजू छापून तयार! गावात लोखंडी पत्र्याच्या घंटाही करतात, तांब्याचा लेप देऊन भाजलेल्या. सूर मनासारखा येईपर्यंत कारागीर कड ठोकत राहतो.

फोटोसाठी: पांढऱ्या जमिनीमुळे कॅमेरा चित्र काळपट काढतो, एक्स्पोजर थोडं वाढवा. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर गंज धरतो. गॉगल दुपारी हवाच.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नाही, त्यांना उंटगाडीने थेट मिठापर्यंत नेलं. गाडीची पायरी उंच आहे, सोबत एक छोटं स्टूल ठेवलं तर चढणं-उतरणं सोपं होतं. पुढे स्वच्छतागृह नाही, आधीच जाऊन या. ऊन उतरलं की वारा एकदम बोचतो. कानटोपी आणि शाल गाडीत न ठेवता हातातच घ्या.