पोर्तुगालची युरोव्हिजनमधली गाणी : सुरुवात कुठून करू?

सांजवारा
नमस्कार मंडळी. पोर्तुगीज शिकतेय, दुसरी पातळी नुकतीच संपली. कागदावर व्याकरण जमतं, पण लिस्बनची माणसं बोलायला लागली की अर्धे स्वर गिळतात आणि माझ्या हाती नुसतं श-श-श लागतं. आमच्या बाई म्हणाल्या, युरोव्हिजनला (युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा) पोर्तुगालने पाठवलेली गाणी ऐक. गाणं तीन मिनिटांच्या वर जात नाही आणि बोल शोधले की लगेच सापडतात.
यादी उघडली तर थेट १९६४ पासूनची! सगळी ऐकत बसले तर तिसरी पातळी राहील बाजूला. मला भावगीतं आवडतात, धांगडधिंगा नको. चार-पाच गाणी सुचवाल का? आणि मे महिन्यातली फायनल भारतातून लाइव्ह बघता येते का?

तिसरा_डबा
वाचतोय. युरोव्हिजन म्हणजे चमचमते कपडे आणि स्टेजवर आगीचे लोट एवढंच ऐकून आहे.

उतारावरचं_घर
सांजवारा, लिस्बनमध्ये राहतो म्हणून आगाऊपणा करतो.
पहिलं गाणं डोळे मिटून २०१७ चं घ्या : साल्वादोर सोब्रालचं 'आमार पेलुश दोइश'. दोघांच्या वाटचं प्रेम मी एकटाच करीन, असा भाव. गाणं त्याच्या बहिणीने, लुईझा सोब्रालने लिहिलं आणि चालही तिचीच. जॅझच्या वळणाचा संथ वॉल्ट्झ आहे. कीव्हमधल्या फायनलचा व्हिडिओ आवर्जून बघा. मोठं स्टेज सोडून तो प्रेक्षकांच्या मधल्या छोट्या गोल चौथऱ्यावर एकटा उभा आहे. अंगात ढगळ काळा कोट, बोटं सतत हवेत काहीतरी चाचपत असल्यासारखी. नर्तक नाहीत, आग नाही, धूर नाही. हृदयाच्या आजारामुळे सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीण उभी राहिली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं हृदय प्रत्यारोपण झालं. ७५८ गुण मिळाले, ज्युरी आणि प्रेक्षक दोघांकडूनही पहिला. पोर्तुगालचा हा पहिला आणि आजवरचा एकमेव विजय, आणि तो मिळायला १९६४ पासून ५३ वर्षं लागली.
शिकणाऱ्यासाठी फायदा असा की तो शब्द सावकाश टाकतो. एक ओळ म्हणाला की पुढची येईपर्यंत तुम्हाला आधीची लिहून घेता येते.
दुसरं, मारोचं २०२२ चं 'सावदाद, सावदाद'. वारलेल्या आजोबांच्या आठवणीत केलेलं. सहा जणी गोल करून एकमेकींकडे तोंड करून उभ्या आणि साथीला टाळ्या. अर्धे बोल इंग्रजीत आहेत, तेव्हा अभ्यासाला अर्धंच धरा, पण ऐकाच. तूरिनला नववं आलं.

जास्वंद
२०१७ च्या गाण्याबद्दल असहमत. चांगलं आहे, पण सगळे तेच सुचवतात आणि पन्नास वर्षांचा बाकीचा खजिना तसाच राहतो. सांजवाराताई, तुम्हाला भावगीतं आवडतात ना? मग नव्वदच्या दशकात जा. दुल्स पोंतिश (१९९१, आठवी), सारा तावारिश (१९९४, आठवी) आणि लूसिया मोनीझ (१९९६, सहावी). तिघींचे उच्चार स्वच्छ. सारा तावारिशचं 'शामार आ मुझिका' माझं सगळ्यात लाडकं. तेव्हा ती पोरगेलीच होती, पण आवाजात घाई नाही. २०२३ मध्ये गेली बिचारी. लूसिया मोनीझला तुम्ही पाहिलेलं असणार, 'लव्ह ॲक्च्युअली' सिनेमात कॉलिन फर्थसमोरची पोर्तुगीज मुलगी तीच. २०१७ पर्यंत पोर्तुगालची सगळ्यात वरची जागा तिचीच होती.

तिसरा_डबा
म्हणजे ५३ वर्षांत जास्तीत जास्त सहावा नंबर? तरी दरवर्षी पाठवत होते? चिकाटी मानली पाहिजे.

जास्वंद
अधूनमधून दांड्याही मारल्या आहेत. १९६४ ला पहिल्यांदा गेले तेच भोपळा घेऊन आले. गंमत म्हणजे १९९९ मध्ये कुठल्याही भाषेत गायची मुभा मिळाली, बहुतेक देश इंग्रजीकडे पळाले, आणि हे बसले पोर्तुगीजमध्येच. पूर्ण इंग्रजी गाणं पाठवलं ते थेट २०२१ मध्ये. ते तुमच्या कामाचं नाही, सोडून द्या.

फोंडेकर
सगळ्यांनी वरचे नंबर सांगितले, मी तळाचा सांगतो. १९७४, ब्रायटन. पावलू दि कार्वाल्यूचं 'इ दिपोइश दु आदेउश'. त्या रात्री स्वीडनचा आबा (ABBA) बँड जिंकला, आणि आमचा पावलू तीन गुण घेऊन शेवटच्या जागेवर, आणखी तीन देशांच्या सोबतीने. तारीख ६ एप्रिल.
आता पुढचं ऐका. २४ एप्रिलला रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या रेडिओवर हेच गाणं वाजलं, आणि तो हुकूमशाही उलथवायला निघालेल्या लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांसाठी इशारा होता : तयारीत राहा. प्रेमभंगाचं साधं गाणं, नुकतंच स्पर्धेला जाऊन आलेलं, रेडिओवर लागलं तर कोणाला संशय येणार? मध्यरात्रीनंतर दुसरा इशारा म्हणून झेका अफोन्सूचं 'ग्रांदोला' लागलं आणि रणगाडे निघाले. दिवस उजाडल्यावर सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत लोकांनी कार्नेशनची लाल फुलं खोचली, म्हणून ती कार्नेशन क्रांती.
आम्हा गोंयकारांचा ह्यात संबंध आहे. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये, पण हुकूमशहा सालाझारच्या सरकारने ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. कागदोपत्री आम्ही त्यांचेच. क्रांतीनंतर नवं सरकार आलं आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आमच्या घरी हे गाणं लागलं की वडील आवाज वाढवायला सांगत आणि आई कमी करायला. तिला मांडोच आवडायचे.
गाण्याबद्दल : ऑर्केस्ट्रा दणदणीत आहे, शेवटी आवाज चढतो, पण शब्द एकन् एक कळतो.

सांजवारा
फोंडेकर काका, हे बाईंनी सांगितलंच नाही! आजच ऐकते.

उतारावरचं_घर
काकांना जोड देतो. १९७५ ला जो गायला गेला, दुआर्ते मेंदेश, तो स्वतः सैन्यात कॅप्टन आणि क्रांतीत सामील झालेला. गाण्याचं नाव 'माद्रुगादा', म्हणजे पहाट. गाणं म्हणून मला १९७४ चंच सरस वाटतं, पण जोडीने ऐकायला मजा येते.
आणि एक ताजं, २०२५ चं 'दिश्लुकादू', नापा नावाच्या बँडचं. मुलं मदेइरा बेटावरची. बेट सोडून मुख्य भूमीवर राहायला आल्यावर जी तगमग होते, तिचं गाणं. बाझेलला २१ वं आलं, पण इथे कॅफेत, टॅक्सीत, सुपरमार्केटात महिनोन्महिने वाजत होतं. घरापासून लांब राहणाऱ्या कोणालाही पहिल्या फेरीत लागेल. शब्द बोलल्यासारखे येतात, म्हणजे तुमचे गिळलेले स्वर इथे अस्सल मिळतील. शेवटी ठेवा.

खारे_दाणे
कोनान ओझिरिशचं २०१९ चं 'तेलिमोव्हैश' कोणीच नाही सुचवलं? मोबाइलवरचं गाणं, फादू (पोर्तुगालचं पारंपरिक गाणं) की इलेक्ट्रॉनिक कळत नाही, चेहऱ्यावर चांदीचं काहीतरी. सेमीफायनललाच बाद. मला मात्र वेड लागलं होतं.

जास्वंद
खारे_दाणे, त्यांनी धांगडधिंगा नको म्हटलंय. :)

खारे_दाणे
धांगडधिंगा नाही हो, विचित्र आहे. फरक आहे.

तिसरा_डबा
अवांतर : स्वतःच्या देशात स्पर्धा भरवली तेव्हा तरी जिंकले का?

उतारावरचं_घर
२०१८, लिस्बन. यजमान पोर्तुगाल २६ पैकी २६ वा. क्लाउदिया पास्कुआलचं 'उ जारदीं' तसं वाईट नव्हतं हो. आजी गेल्याचं हळवं गाणं, पण त्या वर्षी इझ्रायलच्या कोंबडीसारखे आवाज काढणाऱ्या विजेत्या गाण्यापुढे कोण टिकणार.

जास्वंद
लाइव्हचं राहिलंच. सेमीफायनल मंगळवारी आणि गुरुवारी, फायनल शनिवारी. तिथे रात्री ९ म्हणजे आपल्याकडे साडेबारा, तेव्हा फायनल आपल्या रविवारी उजाडते. यूट्यूबवर युरोव्हिजनच्या अधिकृत चॅनलवर बघते मी. निकालापर्यंत चार वाजतात, दुपारी झोप काढून घ्या. भाग न घेणाऱ्या देशातल्या लोकांनाही २०२३ पासून ऑनलाइन मत देता येतं. कार्डाने पैसे भरावे लागतात आणि सगळ्या जगाची मतं मिळून एकाच देशाएवढी धरतात. यजमान देशाप्रमाणे वेळ बदलू शकते, आधी तपासा.

सांजवारा
सर्वांचे आभार! क्रम असा ठरवलाय : १९९४, २०१७, १९७४, २०२२, मग २०२५. प्रत्येकाचे बोल आधी ऐकून उतरवायचे आणि मग छापील बोलांशी ताडून बघायचे. खारे_दाणे, तुमचं २०१९ चं काल रात्रीच बघितलं. अर्धं कळलं नाही, दोनदा लावलं.

खारे_दाणे
झालं. आता सुटका नाही तुमची.