मदत हवी आहे: फुगा-बॉम्बच्या कागदासाठी कोंजॅकची खळ

१९४४-४५ मध्ये जपानमधल्या मुलींच्या हायस्कुलांतल्या विद्यार्थिनींना वर्गातून काढून युद्धाच्या कामाला जुंपलं होतं. त्यातलं एक काम म्हणजे फुगा-बॉम्बचा, म्हणजे बॉम्ब बांधून वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडलेल्या फुग्यांचा, कागद. कोझो झाडाच्या सालीचा हातकागद, तीन-चार थर, मध्ये कोन्याकू (म्हणजेच कोंजॅक) कंदाची खळ. फुगा सुमारे १० मीटर व्यासाचा, आत हायड्रोजन. नखाने ओरखडा पडला तरी गळती, म्हणून नखं कापलेली हवीत. भुकेल्या मुली खळच खायच्या म्हणे!

शाळेच्या प्रदर्शनासाठी ६० × ९० सेंमीचा तुकडा करायचा आहे. १ लिटर गार पाण्यात १५ ग्रॅम कोंजॅक पावडर, तासभर भिजवून. अडचणी दोन: पावडर एकदम पडली की गुठळ्या होतात, वरून फुगतात, आत कोरड्याच, आणि दुसऱ्या थराखाली हवेचे फुगे राहतात, वाळल्यावर कडा वळतात.

१. खळ पातळ करून जास्त हात द्यावेत का?
२. आधीचा थर पूर्ण वाळू द्यायचा की ओलसर असतानाच पुढचा चिकटवायचा?
३. सुरण कोंजॅकच्याच कुळातला, पण त्यात मुख्यतः स्टार्च. त्याचं पीठ चालेल का? मैद्याची खळ नको, दमट हवेत बुरशी धरते.

हातकागदाचं काम करणाऱ्यांनी प्लीज सांगा.