निवडून आलेल्या माणसानं कोर्टाचा निकाल धाब्यावर बसवावा का? (टेरी शायवो, फ्लोरिडा)

पाणवठा (धागा काढणार)

दुसऱ्या एका चर्चेत तिरपागडा यांनी लिहिलं होतं: "कोर्टाच्या निकालानं जिवंत माणूस मरणार असेल तर मुख्यमंत्र्यानं तो निकाल धाब्यावर बसवावा. निवडून कशाला दिलाय त्याला?" वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण हे एकदा घडता घडता राहिलंय, त्यामुळे हवेत तलवारी फिरवण्यापेक्षा तीच केस घेऊ.

टेरी शायवो, फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गची. २५ फेब्रुवारी १९९० च्या पहाटे ती घरात कोसळली. वय २६. हृदय बंद पडलं, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. नंतर श्वास स्वतःचा चालू, डोळे उघडे, झोप आणि जाग दोन्ही, पण जाणीव नाही असं डॉक्टरांचं निदान. पोटात बसवलेल्या नळीतून अन्नपाणी. कायदेशीर पालक नवरा, मायकेल. १९९८ मध्ये तो कोर्टात गेला: अशा अवस्थेत जगायचं नाही असं ती बोलली होती, नळी काढायला परवानगी द्या. आईवडील म्हणाले, ती आम्हाला ओळखते, ती कॅथलिक आहे, असलं काही म्हणणं शक्यच नाही. फेब्रुवारी २००० मध्ये न्यायाधीश जॉर्ज ग्रीअर यांनी तिची इच्छा पुराव्यानं सिद्ध झाल्याचा निकाल दिला.

त्यानंतर पाच वर्षं अपिलांवर अपिलं. नळी तीनदा काढली, दोनदा परत बसवली. त्यातली दुसरी वेळ आपल्या कामाची. १५ ऑक्टोबर २००३ ला नळी निघाली आणि सहा दिवसांत फ्लोरिडाच्या विधिमंडळानं कायदा करून गव्हर्नर जेब बुश यांना ती परत बसवायचा अधिकार दिला. (तिथला गव्हर्नर नेमलेला नसतो, मतं मागून येतो. आपल्याकडचा मुख्यमंत्रीच समजा.) कायद्याच्या अटी बघा: रुग्णानं काही लेखी ठेवलेलं नसावं, १५ ऑक्टोबर २००३ पर्यंत अन्नपाणी बंद झालेलं असावं, घरातल्या कुणीतरी हरकत घेतलेली असावी. आणि हा अधिकार १५ दिवसांत आपोआप संपणार! कायदा म्हणायचा राज्याचा, मापं मात्र एकाच बाईची घेतलेली.

सप्टेंबर २००४ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो एकमतानं रद्द केला. १८ मार्च २००५ ला नळी तिसऱ्यांदा निघाली. मग वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसनं (म्हणजे तिथल्या संसदेनं) रविवारी रात्री बसून वेगळा कायदा केला आणि जेबचे थोरले बंधू, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, टेक्सासहून विमानानं येऊन रात्री एकनंतर सही करून मोकळे झाले. संघीय न्यायालयांनीही नकार दिला. ३१ मार्चला टेरी गेली.

त्या शेवटच्या दिवसांत जेबवर प्रचंड दबाव होता: कोर्ट गेलं खड्ड्यात, माणसं पाठवा, तिला उचलून आणा. त्यांनी ते केलं नाही. मला ते बरोबर वाटतं. किंबहुना २००३ मध्ये जे केलं तेही करायला नको होतं.

तिरपागडा

धाग्याबद्दल आभार, पण माझं म्हणणं अर्धंच मांडलंत.

एक साधा प्रश्न. फ्लोरिडात खुन्याला फाशीची सुई टोचायची तारीख ठरली असेल तर गव्हर्नर ती पुढे ढकलू शकतो. म्हणजे ज्यानं माणसं मारली त्याच्यासाठी शेवटचं दार उघडं, आणि जिनं कुणाचं काही वाकडं केलं नाही तिच्यासाठी तेच दार बंद? गव्हर्नरनं शपथ न्यायाधीशाच्या नावानं घेतलेली नसते, संविधानाच्या नावानं घेतलेली असते. संविधानाचा अर्थ लावायचा मक्ता एका जिल्ह्याच्या न्यायाधीशाला कुणी दिला? लिंकननं १८६१ मध्ये सरन्यायाधीश टेनी यांचा मेरीमन प्रकरणातला, अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा आदेश सरळ बाजूला ठेवला. आज त्याचे पुतळे आहेत.

आणि कोर्टं चुकत नाहीत असं भारतात बसून तरी म्हणू नका. १९७६ चा जबलपूर खटला. आणीबाणीत जगण्याचा हक्कसुद्धा स्थगित होतो असं आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं.

नवऱ्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत तेही नोंदवतो. तो दुसऱ्या बाईबरोबर राहत होता, तिच्यापासून दोन मुलं झाली होती. अशा माणसाच्या तोंडी साक्षीवर बायकोचं अन्नपाणी तोडायचं?

टवाळखोर_ठाणे

रुमाल टाकून ठेवतो.

सिव्हिलवाला

वकील आहे, त्यामुळे लांबड लावतो. आधीच माफी.

तिरपागडासाहेब, जबलपूरचं उदाहरण तुम्ही स्वतःच्याच पायावर मारून घेतलंत. त्या खटल्यात कोर्ट सरकारच्या आड आलं नव्हतं. सरकारपुढे झुकलं होतं. न्या. खन्ना यांनी एकट्यानं विरोधी निकाल लिहिला आणि त्याची किंमत मोजली, सरन्यायाधीशपद गेलं. सत्तेनं कोर्टाला किती वाकवावं याचा तो धडा आहे, आणि तो पाणवठ्याच्या बाजूनं जातो.

लिंकनचं म्हणाल तर तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं, संसदेचं अधिवेशन चालू नव्हतं, आणि वाद होता तो राज्य टिकवण्याचा. एका घरातल्या सासर-माहेरच्या भांडणात गव्हर्नरनं उतरण्याशी त्याची तुलना होत नाही. दुसरी उदाहरणं का नाही काढलीत? आर्कान्सासचा गव्हर्नर फॉबस, १९५७, लिटल रॉक. काळ्या मुलांना शाळेत घ्या म्हणून कोर्टानं सांगितलं तर यानं शाळेच्या दारात नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) उभा केला. तोही निवडून आलेलाच होता, तोही म्हणत होता लोक माझ्या मागे आहेत. आपल्याकडे कल्याणसिंगांना, मुख्यमंत्री असताना कोर्टाला दिलेला शब्द मोडून अयोध्येत चबुतरा होऊ दिल्यावरून, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवमानाबद्दल एक दिवसाची कैद दिली. "कोर्ट चुकलं तर मी मानणार नाही" हे हत्यार एकदा टेबलावर ठेवलं की ते फक्त सज्जनांच्याच हाती लागेल अशी सोय नसते.

माफीचा मुद्दा मात्र चांगला आहे, तो टाळत नाही. फाशी ही सरकारनं दिलेली शिक्षा. सरकारचा हात माणसाच्या गळ्याशी आहे, म्हणून तो मागे घेण्याचा अधिकार संविधानानं कार्यकारी प्रमुखाला दिलाय. टेरीला कुणी शिक्षा दिली नव्हती. कोर्टापुढे प्रश्न एवढाच होता की ही बाई बोलू शकली असती तर उपचाराला हो म्हणाली असती की नको. ज्या माणसाला आपण उपचार नाकारायचा हक्क देतो त्याचा नकार गव्हर्नरनं "माफ" कसा करायचा?

नवरा: त्यानं पालक म्हणून परस्पर नळी काढली नाही, तो निर्णय कोर्टानं घ्यावा म्हणून अर्ज केला. साक्ष त्याची एकट्याची नव्हती, त्याच्या भावाची आणि वहिनीचीही होती.

तिरपागडा

भाऊ आणि वहिनी. म्हणजे सगळे सासरचेच. वा! आपल्याकडच्या कुठल्या सत्र न्यायाधीशापुढे ही साक्ष टिकली असती सांगा.

टँपाकर

मी तेव्हा क्लिअरवॉटरला नोकरीला होतो, टेरी होती ते पिनेलास पार्कचं हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचं शुश्रूषागृह) माझ्या ऑफिसच्या वाटेवर नव्हतं पण लांबही नव्हतं. मार्चच्या शेवटी बाहेरच्या रस्त्यावर टीव्हीच्या गाड्यांच्या ओळी. लोक तोंडाला लाल पट्टी चिकटवून उभे, त्यावर एकच शब्द, 'लाइफ'. शेजारची प्राथमिक शाळा दुसरीकडे हलवावी लागली. आईबापांबरोबर आलेली शाळकरी पोरं पाण्याचा पेला घेऊन दाराकडे निघत, पोलीस त्यांना अडवून बेड्या घालत. ती पोरं रडत होती असं नाही, ताठ होती. मला ते बघवलं नाही. आत बाकीचे मरणासन्न रुग्ण होते, त्यांच्या नातेवाइकांना त्या गर्दीतून आत जावं लागत होतं.

सांगायचं ते वेगळंच. टेरी गेल्यावर 'मायामी हेराल्ड'नं बातमी दिली की एका गुरुवारी राज्याचे एजंट तिला ताब्यात घ्यायला निघाले होते. सरकारनं अपील केल्यामुळे तिला ताब्यात घ्यायला ग्रीअरसाहेबांनी दिलेला मनाईहुकूम काही तास आपोआप थांबला होता, ती फट साधायची होती. स्थानिक पोलिसांनी सांगितलं, न्यायाधीश बरोबर आणा, नाहीतर आम्ही कोर्टाचा हुकूम राबवणार. एजंट मागे फिरले. विचार करा, गावचा पोलीस आणि राज्याचा पोलीस, दोघांच्या कमरेला बंदूक, मध्ये एक खाट. "धाब्यावर बसवणे" म्हणजे प्रत्यक्षात हे असतं.

भूलतज्ज्ञ

आयसीयूत आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं वैद्यकीय.

सिनेटमधले बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट स्वतः हृदयशल्यविशारद. त्यांनी व्हिडिओ बघून सभागृहात निदानावर शंका घेतली. रुग्णाला हात न लावता! टेरी फुग्याकडे बघतेय असं वाटणारी ती चित्रफीत जगभर फिरली. २००२ मध्ये कोर्टापुढे पाच डॉक्टरांनी साक्ष दिली होती: दोन नवऱ्याचे, दोन आईवडिलांचे, एक कोर्टानं नेमलेला. आईवडिलांचे दोन सोडून तिघांचं निदान एकच: जाणीव नाही. शवविच्छेदनात मेंदूचं वजन ६१५ ग्रॅम भरलं, असायला हवं त्याच्या निम्मं. दृष्टीचा भाग गेलेला, म्हणजे तिला दिसतच नव्हतं. आईवडिलांना संशय होता त्या मारहाणीचा पुरावाही सापडला नाही.

आमदार, मंत्री हे काम करू शकत नाहीत ते ते वाईट असतात म्हणून नाही. उलटतपासणी घ्यायची यंत्रणा त्यांच्याकडे नसते म्हणून. कोर्टात माझ्यासारख्याला पिंजऱ्यात उभं करून चार तास सोलतात. विधानसभेत फक्त भाषण करायचं असतं.

तिरपागडा

डॉक्टरसाहेब, शवविच्छेदन जून २००५ चं. मार्चमध्ये ते कुणाच्या हातात होतं? आणि वजनावरून जाणीव होती का नव्हती हे कळत नाही, तुम्हीच सांगाल. दिसत नव्हतं म्हणजे ऐकू येत नव्हतं असंही नाही.

भूलतज्ज्ञ

पहिलं मान्य. दुसरंही. ते निदान जिवंतपणीच्या तपासणीवरूनच करतात, मेंदू तराजूत टाकून नव्हे. पण ती तपासणी झाली होती, एवढंच माझं म्हणणं.

कुंपणावरची

मी कुठल्याच बाजूला नाही. पण आपल्या मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची गोष्ट आठवली, हल्ल्यानंतर अशाच अवस्थेत पडून होत्या. १९७३ पासून तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं, अंगाला जखम होऊ दिली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पिंकी विराणी यांची अन्न थांबवण्याची याचिका फेटाळली, कारण अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा हक्क सांभाळणाऱ्यांचा मानला. २०१५ मध्ये न्यूमोनियानं त्या गेल्या. मग टेरीला सांभाळायला तिचे आईवडील हात जोडून तयार होते, त्यांचं का ऐकलं नाही? हा प्रश्न मला सुटत नाही.

तिरपागडा

ताई, लाखातलं बोललात. मी दहा परिच्छेद लिहूनही एवढं नेमकं मांडलं नसतं.

सिव्हिलवाला

फरक एकच. अरुणाताईंची स्वतःची इच्छा काय होती याचा पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून सांभाळणाऱ्यांचा शब्द चालला. फ्लोरिडात कोर्टाच्या मते तिचा स्वतःचा शब्द सापडला होता, आणि तो सापडला की आईबाप, नवरा, गव्हर्नर सगळे मागच्या बाकावर. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं तेव्हा आश्रमातल्यांना यातना झाल्या असतील. पण इच्छा त्यांची होती आणि ती त्यांनी स्वतः दाखवली होती.

टेरीची इच्छा तेवढी स्पष्ट नव्हती हे खरंय. तोंडी पुरावा कमकुवत वाटला तर तसं म्हणा, मीही त्या निकालावर डोळे मिटून सही करणार नाही. पण तो पुरावा वरच्या कोर्टांनी तपासला आणि निकाल कायम ठेवला. संघीय अपील न्यायालयातल्या न्या. बर्च यांनी तर राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस दोघांनाही खडसावलं, आणि या बर्चना नेमलं होतं थोरल्या बुशनी, जेबच्या वडिलांनी. ग्रीअर स्वतः रिपब्लिकन, म्हणजे बुश यांच्याच पक्षाचे, चर्चला जाणारे. त्यांना पोलीस संरक्षणात फिरावं लागलं, चर्च सोडावं लागलं. "डाव्या न्यायाधीशांचा कट" वगैरे कुणी सुरू करण्याआधीच सांगून ठेवतो.

टवाळखोर_ठाणे

इटलीचं कुणी काढलं नाही अजून? एलुआना एंग्लारो, २००९, तीही टेरीसारखीच नळीवर. नळी काढायला कोर्टानं परवानगी दिली, तर पंतप्रधान बर्लुस्कोनींनी कोर्टाचा निकाल थोपवायला वटहुकूम काढला, ही मुलगी अजून आई होऊ शकते असलं काहीतरी बरळले. राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी सहीच केली नाही. सिनेटमध्ये विधेयकावर चर्चा चालू असतानाच ती गेली. निवडून आलेला एक, त्याला अडवणाराही निवडून आलेलाच.

पाणवठा

टवाळखोर, हे भारी. नापोलितानोंना मतदारांनी नाही, खासदारांनी निवडलं होतं, पण मुद्दा पोचला.

तिरपागडा, एक विचारतो. "निवडून कशाला दिलाय" म्हणता, पण त्या वेळच्या जनमत चाचण्यांत बहुसंख्य अमेरिकन लोक नळी काढण्याच्या बाजूचे होते. मग जेबनं कुणाचं ऐकायचं? आणि टेरी गेल्यावरही ते थांबले नाहीत. १९९० मध्ये मायकेलनं ॲम्ब्युलन्सला फोन उशिरा केला का, हे तपासायला जूनमध्ये त्यांनी सरकारी वकिलाला सांगितलं. काही निघालं नाही. सत्तेतल्या माणसाचा एखाद्या घरावर डोळा बसला की असं होतं.

तिरपागडा

चाचण्यांवर राज्य चालवायचं तर निवडणुका कशाला, हे मीच म्हणेन. त्या फोनच्या चौकशीचं समर्थन करत नाही, तो खुनशीपणा होता.

बरं, तडजोड सांगतो. एका बाईपुरता १५ दिवसांचा कायदा नको. सगळ्यांना लागू असा करा: लेखी काही नसेल आणि रक्ताचं नातं सांभाळायला तयार असेल, तर अन्नपाणी तोडता येणार नाही. मग?

पाणवठा

मग माझी हरकत नाही. मी विरोधात मत देईन, पण तो विधिमंडळाचा अधिकार आहे. फक्त लागलेला निकाल त्यानं फिरवायचा नाही.

तिरपागडा

म्हणजे तोपर्यंत टेरी गेली असती.

पाणवठा

हो. गेली असती.

तिरपागडा

मग आपलं जमणार नाही. राम राम.

कुंपणावरची

तुमचं भांडण चालू द्या, मला कामाचं सांगा. असं लेखी ठेवायचं तर आपल्याकडे करायचं काय? कोर्टात जावं लागतं म्हणे.

भूलतज्ज्ञ

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे हे इच्छापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावं लागत होतं, त्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. तुमच्या वतीनं कुणी बोलायचं त्याचं नाव स्पष्ट लिहा, एकापेक्षा जास्त लिहिलीत तर उत्तम. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्या. आणि नळीचं वेगळं लिहा. व्हेंटिलेटर नको म्हणणारे पुष्कळ भेटतात, नाकातल्या नळीचं विचारलं की घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.