घारापुरी मुंबईत का नाही?

देवगडकर
गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन गेटवेहून घारापुरीला लेणी बघायला गेलो होतो. वर चढायच्या आधी ग्रामपंचायतीच्या कराची पावती फाडली, तेव्हा लक्षात आलं की बेट उरण तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. समोर कुलाब्याच्या इमारती दिसतायत, लाँच मुंबईची, सगळी गर्दी मुंबईची, आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीचा? शिवाय तिथे खरंच गाव आहे की नुसती माळा विकणारी दुकानं? तिकडचं कुणी असेल तर सांगा.

खांदेश्वर
जिल्ह्यांच्या हद्दी सरकारी सोयीने ठरतात, फार खोलात जाऊ नका. जाणाऱ्यांनी सोमवार तेवढा टाळा, लेणी बंद असतात.

करंजाकर
सोय कसली, त्यामागे चांगला दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

देवगडकर, तुम्ही गेटवेवरून बघता म्हणून ते मुंबईचं वाटतं. माझी आत्या घारापुरीतल्या राजबंदरला दिलेली. तिच्याकडे जायला आम्ही कधी मुंबईला गेलो नाही. रायगडच्या किनाऱ्यावरच्या न्हाव्याहून होडीत बसलं की झालं. गेटवे तिथून दहा-अकरा किलोमीटर, न्हावा-शेवा त्याहून कितीतरी जवळ.

आता हद्दीचं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात हा टापू पोर्तुगीजांना दिला. पुढे १६६१ मध्ये राजकन्या कॅथरिनच्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. पण १६६५ ला प्रत्यक्ष ताबा द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात आखडला. मुंबईचं बेट घ्या म्हणाले, साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट) वगैरे त्यात धरू नका. घारापुरी आणि करंजा, म्हणजे आमचं उरण, इंग्रजांच्या हाती लागलं ते थेट १७७४ च्या अखेरीस, मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला त्या धामधुमीत; मध्यंतरी हा टापू पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेला होता. १७८२ च्या सालबाईच्या तहात ते कायम झालं. साष्टी, घारापुरी, करंजा, हॉग बेट हे सगळं त्यात एकत्र आलं. म्हणजे मुंबई लग्नात गेली आणि घारापुरी लढाईत, मध्ये शंभरावर वर्षं! पुढे इंग्रजी अमदानीत ती बराच काळ ठाणे जिल्ह्यात होती, मग कुलाबा जिल्ह्यात आली (मुंबईतला कुलाबा नव्हे), आणि १९८१ ला त्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मुंबई शहराच्या दप्तरात ती जाणार कुठून?

गाव आहे, एक सोडून तीन. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. तुम्ही उतरलात ते शेतबंदर. (मोराबंदर आणि उरणचं मोरा वेगळं, मुंबईत मोऱ्याची लाँच सुटते त्या भाऊच्या धक्क्यावर दर आठवड्याला कुणीतरी यात फसतं.) बेटावर दोन डोंगर आणि मध्ये घळ. मोठी लेणी पश्चिमेच्या डोंगरात, पूर्वेच्या डोंगरावर विटांचा जुना स्तूप, तिकडे पर्यटक क्वचित फिरकतो. ओहोटीला चारी बाजूंनी चिखल उघडा पडतो, लाँच काठाला लागूच शकत नाही, म्हणून तो एवढा लांब धक्का. तुमचे पाहुणे ज्या छोट्या गाडीत बसले असतील ती त्याच्यावरूनच धावते.

आणि वीज! लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत, पण बेटावर कायमची वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये. महावितरणने समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकली, तीही आमच्याच बाजूने. त्याआधी संध्याकाळी जनरेटरवर तीनेक तास दिवे. आत्या सातच्या आत भाकऱ्या थापायला बसायची, कारण मग सगळं घर टीव्हीसमोर. दहाला जनरेटर बंद की कंदील. समोर मुंबईच्या उजेडाने आकाश पिवळं झालेलं असायचं.

देवगडकर
वा, आता पावतीचा राग गेला. आणखी एक, तो दगडी हत्ती कुठे आहे? आम्ही शोधून दमलो.

करंजाकर
बेटावर सापडणार नाही, मुंबईत आहे. राजबंदरच्या बाजूला उभा होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं. १८१४ ला त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ ला साहेब लोक तो इंग्लंडला न्यायला निघाले आणि उचलताना पार फुटला. तुकडे राणीच्या बागेत आणले, १९१४ ला पुन्हा जोडले. आता तिथल्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. राजबंदरच्या म्हाताऱ्यांना अजून वाटतं तो परत यावा, मलाही वाटतं.

शिलाहार
चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने जिंकलेली कोकणच्या मौर्यांची राजधानी पुरी ती हीच ना? करंजाकरांनी मुख्य गोष्टच सांगितली नाही.

करंजाकर
मुद्दाम सांगितली नाही. पुलकेशीच्या ६३४ च्या ऐहोळेच्या शिलालेखात पुरीला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटलंय आणि शेकडो नौका घेऊन ती जिंकल्याचं लिहिलंय. पण ती घारापुरी की जंजिऱ्याजवळची राजपुरी, यावर जाणकारांत वाद आहे. आमच्या उरणात कुणालाही विचारा, घारापुरीच म्हणेल. मला मात्र शंका आहे. सैन्य, बाजार, गोदामं असलेली राजधानी त्या दोन डोंगरांत मावेल? गोडं पाणी म्हणजे पावसाचं साठवलेलं. कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची तांब्याची नाणी बेटावर भरपूर सापडली, तेव्हा सहाव्या शतकात तिथे पैशाचा व्यवहार होता हे नक्की. लेणी खोदणाऱ्यांची मजुरीच त्या नाण्यांत दिली असेल, असं काही अभ्यासक मानतात, आणि मला ते जास्त पटतं.