सगळ्या फ्लूंवर एकच लस: संशोधनात पैसा घालावा का?

गोदाकाठ (परभणी)
जानेवारी २०२१ मध्ये आमच्या तालुक्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या घरात कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला. माझं शेड तिथून लांब, तरी महिनाभर व्यापारी फोन घेईना. जानेवारी २०२५ ला उदगीरात कावळे पडले, तेच दुखणं. आपण दवाखान्यात घेतो ती फ्लूची लस या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूसाठी बनवलेलीच नाही. ती हंगामी. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात लशीत विषाणूचे कोणते वाण घ्यायचे ते ठरवते, लस तयार व्हायला सहा महिने लागतात, तोवर विषाणू बदललेला असू शकतो. सरकारनं सगळ्या वाणांवर चालणाऱ्या लशीच्या संशोधनात पैसा घालावा.

आशाताई (जालना)
दादा, मला हे पटत नाही. सासूबाईंना दमा. मागच्या भादव्यात लस द्यावी म्हणून तालुक्याला नेलं, तर एका डोसला दीड हजारावर सांगितले. तशाच परत आणल्या. पंधरा दिवसांत न्यूमोनिया झाला, नऊ दिवस ऑक्सिजनवर होत्या. माझ्या वहीत दम्याची, साखरेची म्हातारी माणसं नावानिशी लिहिलेली आहेत. राष्ट्रीय लसीकरणात ही लस नाही, मग त्यांना देऊ काय? आधी आहे ती लस उपकेंद्रापर्यंत आणा. तुमच्या त्या सर्वव्यापी लशीचं काय झालं? इस्रायलच्या बायोंडवॅक्स कंपनीनं तसल्या लशीची बारा हजारांवर माणसांवर चाचणी केली, २०२० मध्ये ती फसली.

मास्तर (अंबाजोगाई)
ती एक वाट फसली ताई, बाकीच्या चालू आहेत. ज्वारीचं ताट डोळ्यासमोर आणा. विषाणूवरच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाला वर कणसासारखं डोकं आणि खाली धाट. आपलं शरीर डोकं ओळखायला शिकतं, आणि तेच सारखं बदलतं. धाट फारसं बदलत नाही. नव्या लशी शरीराला धाट ओळखायला शिकवू पाहतात. अडचणही खरी आहे. लशीचा गुण जोखायची नेहमीची रक्ततपासणी डोक्यावरच्या प्रतिपिंडांचीच (म्हणजे विषाणूला चिकटून त्याला रोखायला शरीर बनवतं त्या प्रथिनांची), धाटाच्या प्रतिपिंडांचा तिला पत्ता लागत नाही.

गोदाकाठ
अमेरिकेच्या ॲलर्जी व संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१८ ला सर्वव्यापी लशीसाठी ध्येय ठेवलं, किमान ७५ टक्के संरक्षण आणि तेही निदान वर्षभर. आजची लस वाण जुळलेल्या साली ४० ते ६० टक्के. अन् बहुतेक लस अजून कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. बर्ड फ्लूनं कोंबड्याच मेल्या तर अंडी कुठून आणायची?

आशाताई (जालना)
अंड्यांचं म्हणणं खरं आहे, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण ४० टक्केसुद्धा माझ्या वहीतल्यांना मिळालेले नाहीत. तुमच्या संशोधनाच्या मागणीवर मी सही करते. त्याच कागदावर उपकेंद्रात फुकट लस हवी, एवढी ओळ लिहा.

गोदाकाठ
लिहितो. पहिली ओळ तीच ठेवतो.