सोलापूरहून घाटवाटांवर, दोघं दोन सायकलींवर: अनुभव धागा

धागाकर्ता, सात रस्ता

दिवाळी सरली की सोलापूरकरांना लांबच्या सायकल सफरीचा मोसम लागतो. ऊन उतरलेलं असतं, घाटात पावसाळ्यात पडलेल्या दरडी बाजूला झालेल्या असतात आणि वारा बहुतेक दिवस पूर्वेकडचा, म्हणजे पश्चिमेला निघालेल्याच्या पाठीवर असतो. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून, तोंडावर येतो आणि सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं दमवतो.

मार्ग साधारण असा धरू: मोहोळ, पंढरपूर, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, फलटण, लोणंद, खंडाळा, खंबाटकी घाट, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर, पुढे चिपळूण, कुंभार्ली घाटाने वर पाटण, कऱ्हाड, विटा, सांगोला, मंगळवेढा आणि घर. खंबाटकीपर्यंत दोनशेहून जास्त किलोमीटर खरा चढ लागतच नाही. सगळी अडचण तिथेच आहे. सायकल, सामान आणि जोडीदार यांतलं काय जमत नाही, ते घर दोन दिवस मागे पडल्यावर कळतं.

प्रवासवर्णन नको. मापं, वजनं, काय मोडतं आणि का मोडतं, ते लिहा. नावाऐवजी आपला भाग लिहिला तरी चालेल.

होटगी रोड

आधी गिअर. पुढे सर्वांत लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) २८ दातांची आणि मागे सर्वांत मोठी चकती ३४ दातांची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ०.८२ वेळा फिरतं. ७०० बाय ३५ टायरचा घेर सुमारे २.१७ मीटर. म्हणजे एका फेऱ्याला पावणेदोन मीटरच्या थोडं पुढे. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास.

रोडबाइकवर पुढे ३४ ला मागे २८ असतं, तिथे त्याच ६० फेऱ्यांना ताशी नऊच्या वर जावं लागतं. स्वार, सायकल, सामान मिळून १०० किलो आणि चढ ६ टक्के असेल तर पहिल्या सायकलवाल्याला सुमारे १२० वॉट पुरतात, दुसऱ्याला १७० च्या आसपास लागतात. ते अर्धा तास जमतं. पसरणीला तासाहून जास्त वेळ जातो. मग फेरे ६० वरून ४० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर जातो. गुडघा घाटात दुखला तरी त्याचं कारण दुकानात गिअर निवडतानाच ठरलेलं असतं.

कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलायची असेल तर डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणारा भाग) किती दातांची चकती घेतो ते आधी पाहा. लहान पिंजऱ्याचा डिरेलर ३४ घेत नाही. चेनही लांब लागते: पुढची मोठी आणि मागची मोठी यांवरून चेन थेट, डिरेलरमध्ये न घालता फिरवा आणि त्याला एक इंच जोडा. हे माप चुकलं आणि कुणी पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकतीवर चेन टाकली तर डिरेलरचा हँगर (त्याला फ्रेमशी धरणारा तुकडा) वाकतो, वाटेत मोडतोही. ज्याच्या त्याच्या सायकलचा हँगर वेगळा असतो, म्हणून प्रत्येकाने आपापला एक जादा घ्यावा.

तुळजापूर वेस

सरावाला डोंगर कुठला, असं आपल्याकडे नेहमी विचारतात. तुळजापूरचा घाट आहे की ओ! जाताना पंचेचाळीस किलोमीटर आणि शेवटी चढ. चढ छोटा आहे, पण पूर्ण सामान लादून तीनदा वर-खाली केलं की बरंच काही उघडं पडतं. कॅरियरचा नट कुठे सैल होतो, पिशवीला टाच लागते का, उभं राहून पेडल मारलं की मागचा भार डोलतो का, हे मोकळ्या सायकलवर कधीच कळत नाही.

भार खाली आणि दोन्ही बाजूंना सारखा; डाव्या-उजव्या पिशवीत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. मुक्काम लॉजवर किंवा धर्मशाळेत असेल तर एकेकाचं सामान ८ किलोंच्या आत बसतं. तंबू आणि स्टोव्ह या मार्गाला लागत नाही. कॅरियरला ५ मिमीचे बोल्ट असतात, त्यांना नायलॉक नट किंवा निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा, चार बोल्ट जादा ठेवा.

बाळे

पंक्चर. आपल्या भागात काचेपेक्षा सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे जास्त. रस्त्याकडेच्या मातीत सायकल टेकवली की सराटा लागलाच. सायकल डांबरावरून उचलूनच बाजूला घ्यावी, ढकलत नेऊ नये.

टायर बसवताना त्यावरचा छाप नेहमी व्हॉल्व्हसमोर आणा. मग ट्यूबचं भोक सापडलं की टायरमध्ये काटा नेमका कुठे आहे ते कळतं. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर ती पाच मिनिटांत त्याच जागी जाते. आतून बोट थेट फिरवू नका, फडकं फिरवा. ते काट्याला अडकतं.

बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर सोबत हवाच, हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या नळीला तो व्हॉल्व्ह बसत नाही. कॉम्प्रेसरने भरताना थोडी थोडी हवा घ्या, सायकलची ट्यूब क्षणात फुगून फुटते. ३५ च्या टायरला सामानासह मागे ६५ ते ७० पीएसआय, पुढे ५५ पुरे. टायरच्या कडेवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र आधी वाचा.

चाकाच्या तारांबद्दलही सांगतो, कारण सफर अर्धवट सोडायला लावणारं मुख्य कारण तेच. तुटते ती बहुधा मागच्या चाकाची उजवीकडची तार. तिकडे कॅसेटला जागा देण्यासाठी रिम उजवीकडे ओढून बांधलेलं असतं, म्हणून त्या तारांवर ताण जास्त. एखादी तार बाकीच्यांपेक्षा सैल असेल तर प्रत्येक फेऱ्याला ती ढिली-ताठ होत राहते आणि हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वाकात थकून तुटते. निघण्याआधी एकाच बाजूच्या तारा बोटाने छेडून बघा, आवाज जवळजवळ सारखा यायला हवा. नव्या चाकाचा आऊट (डोल) काढून घ्या, शे-दीडशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा काढून घ्या. सामान लादायचं असेल तर मागे ३६ तारांचं चाक.

उजवी तार बदलायला कॅसेट उतरवावी लागते, त्याचा पाना प्रत्येक गावात मिळत नाही. तो सोबत ठेवा, आणि आपल्याच चाकाच्या मापाच्या चार तारा (डाव्या-उजव्या तारांची लांबी वेगळी असते) सीट ट्यूबला (सीटखालच्या फ्रेमच्या नळीला) टेपने चिकटवून ठेवा. काहीच नसेल तर तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा, तिच्या दोन्ही शेजारणी अर्धा-अर्धा फेरा सैल करा, ब्रेकला रिम लागत नाही एवढं बघा आणि सामान दुसऱ्याच्या सायकलवर टाकून हळू पुढचं मोठं गाव गाठा.

जुळे सोलापूर

बाळ्याच्या दादांनी शेवटी जे लिहिलं, ते दोघं असण्याचं खरं बळ. ते वापरायचं असेल तर दोन्ही सायकली आधी जुळवून घ्या. चाकं एकाच मापाची, ब्रेकपॅड एकाच जातीचे, चेन तितक्याच स्पीडची (मागच्या चकत्यांची संख्या सारखी). मग ट्यूब, पॅड, क्विकलिंक (चेन जोडायची कडी) यांचा एकच साठा दोघांना पुरतो. एकाची ८ स्पीड आणि दुसऱ्याची ११ असेल तर क्विकलिंक एकमेकांना चालत नाही.

हत्यारं मागे राहणाऱ्याकडे द्या. पुढच्याची सायकल बिघडली तर मागचा आपोआप त्याच्यापाशी येतो; मागच्याची बिघडली तर हत्यारं त्याच्याजवळच असतात. उलटं केलं की पुढचा पाच किलोमीटर वर आणि पाना त्याच्या पिशवीत. पंप आणि एक ट्यूब मात्र ज्याची त्याच्याकडे.

चढावर एकमेकांना धरून जाऊ नका. जो हळू आहे तो दुसऱ्याच्या वेगाने गेला तर वीस मिनिटांत दम संपतो, आणि वेगवान माणूस मुद्दाम हळू गेला तर त्याचे फेरे तुटून पाय भरतात. थांबायची जागा घाट सुरू होण्याआधी ठरवा, मोबाईलला रेंज नसली तरी चुकामूक होत नाही. आणि विश्रांतीची मिनिटं मागचा पोचल्यापासून मोजा. पहिला आधी पोचून दहा मिनिटं बसतो, दुसरा टेकला की उठून म्हणतो, चला. तिसऱ्या घाटापर्यंत दुसऱ्याच्या पायात काही उरत नाही आणि मैत्रीतही कुरबूर सुरू होते. ही एवढी एक गोष्ट पाळली तरी फार फरक पडतो, मनापासून सांगते.

सपाटीला एकामागे एक चालवून वाऱ्याची आड घ्यावी, दर पाच-दहा मिनिटांनी पुढचा बदलावा. चाकावर चाक चढवू नका; पुढच्याने खड्डा चुकवला की पुढचं चाक त्याच्या पिशवीत जातं. पुढच्याने खड्डा, माती, कुत्रं मोठ्याने ओरडून सांगायचं.

विजापूर रोड

उतार चढापेक्षा धोक्याचा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पोलादपूर कोकणात खाली, मध्ये सुमारे चाळीस किलोमीटर. ब्रेक सतत दाबून धरला तर रिमब्रेकमध्ये रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्कमध्ये पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकड जाते. तीन-चार सेकंद दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा, वारा लागू द्या, पुन्हा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. बाहेरचं पेडल खाली, त्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटावर.

दोघांत निदान ४०-५० मीटर अंतर ठेवा. आंबेनळीत एसटी वळताना सगळा रस्ता घेते, तेव्हा आतली बाजू कापायचा मोह नको. पाच-सात किलोमीटरनंतर थांबा. तापलेल्या डिस्कला हात लावू नका, नुसता वास घ्या. करपट वास आला तर दहा मिनिटं थांबा.

पॅडचा मसाला १ मिमीवर आला की बदला, उतारानंतर नाही, आधी. डिस्कजवळ चेनचं तेल उडवू नका. तेल प्यालेला पॅड घासून साफ होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. केबलचे ब्रेक असतील तर लिव्हरजवळचा गोल स्क्रू फिरवून ताण कसा वाढवायचा ते दोघांनाही यायला हवं.

पावसाळ्यात आंबेनळी आणि वरंध दोन्हीकडे दरडी येतात, रस्ता बंदही करतात. निघण्याआधी चौकशी करा.

अशोक चौक

खाण्याचं. आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्याइतकं टिकाऊ शिधा दुसरं नाही, पण ती मुक्कामी दह्याबरोबर खायची. चढावर कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही आणि शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ घेतं. चढताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात सुमारे २५ असतात. केळं, गूळ, राजगिरा लाडू, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातलं मीठ भरून येत नाही, डोकं जड होतं, मळमळतं. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट मोजून. चिपळूणहून कुंभार्ली चढताना हे विसरू नका. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आपल्या कोरड्या उन्हाची सवय उपयोगी पडत नाही. तो घाट पहाटे सुरू करावा.

मंगळवेढा रोड

एकच सूचना. ऊसाचा हंगाम चालू असतो. दोन ट्रॉल्यांच्या मागे कित्येकदा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो आणि रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली लाटण्यासारखा फिरतो. अंधार पडल्यावर चालवू नका.

डफरीन चौक

सह्याद्री झाला की पुढचा विचार मनाली-लेहचा असतो, म्हणून थोडं. बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) सुमारे ४,८९० मीटर, गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला, लाचुलुंग ला सुमारे ५,०६० आणि शेवटी तंगलंग ला ५,३२८. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच प्राणवायू मिळतो. सोलापूर सुमारे ४६० मीटरवर, तेव्हा पायाची ताकद कितीही असो, शरीराला वेळ द्यावाच लागतो.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी राहावं. वाटेवरच्या मुक्कामांपैकी जिस्पा ३,२०० च्या आसपास, झिंगझिंगबार ४,२०० च्या वर. ही उडी एका दिवसात घेतल्याने पुष्कळांना पुढच्या सरचू मुक्कामात त्रास होतो. जिस्पाला एक दिवस थांबा, मध्ये पटसेओला मुक्काम करा. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून गाडीने काही तासांत केलाँग गाठता येतं. सायकलने रोहतांग चढून जाणाऱ्याला मिळणारी सवय त्यात मिळत नाही.

जोडीदाराने जोडीदाराकडे बघायचं. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही. सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर त्याच वेळी, रात्र असली तरी, मिळेल त्या गाडीने खाली. आजारी माणूस "मी ठीक आहे" म्हणतो, म्हणून निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, हे घरीच ठरवून निघा. ॲसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरचं औषध) डॉक्टरांना विचारूनच; सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगा.

बर्फाचे नाले सकाळी उतरलेले असतात, दुपारी ऊन तापलं की फुगतात. नाल्याचा टप्पा सकाळी दहाच्या आत पार होईल असा मुक्काम निवडा.

रेल्वे लाइन्स

सायकल रेल्वेने न्यायची तर पार्सल ऑफिसात तिकीट दाखवून ब्रेकव्हॅनमध्ये बुक होते. सिद्धेश्वर किंवा हुतात्मा सोलापुरातूनच सुटतात, त्यामुळे चढवायला वेळ मिळतो. दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्सप्रेस मधून येते. ब्रेकव्हॅन भरलेली असेल तर सायकल मागाहून येते, म्हणून पुढच्या टोकाला एक मोकळा दिवस धरा. दोन्ही सायकली एकत्र बुक करा, पण प्रत्येकीवर नाव, मोबाईल आणि उतरायचं स्टेशन जाड अक्षरात स्वतंत्र लिहा.

पेडल काढा, डिरेलर हँगरवरून सोडवून पुठ्ठ्यात गुंडाळून चेनस्टेला (चेनला समांतर फ्रेमच्या नळीला) बांधा. चाक काढलं तर हायड्रॉलिक डिस्कच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा, नाहीतर लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. बसवताना आट्याला थोडं ग्रीस लावा आणि पहिले दोन फेरे हाताने फिरवा. पान्याने जोर लावून तिरकं बसवलं तर क्रँकचे (पेडल बसतं त्या दांड्याचे) आटे जातात आणि तो क्रँक बदलावाच लागतो.